जागचं न हलता तीन राजधान्या पाहिलेलं संस्कृत कॉलेज!

हे नाव एका श्वासात म्हणून दाखवा बरं: शासकीय दूधाधारी श्री राजेश्री महंत वैष्णवदास स्नातकोत्तर संस्कृत महाविद्यालय! जमलं? मग तुमचे उच्चार एकदम फर्स्ट क्लास! रायपूरकर मात्र ‘संस्कृत कॉलेज’ म्हणून मोकळे होतात. पत्ता जी. ई. रोड, जन्मसाल 1955.

नावात दूध कुठून आलं, माहीत आहे का? रायपूरच्या दूधाधारी मठाचे महंत बलभद्रदास म्हणे अन्नाला शिवतच नसत, फक्त दुधावर राहत. त्यावरून मठाला नाव पडलं, आणि त्याच मठाचे पुढचे महंत वैष्णवदास यांच्या दानातून कॉलेज उभं राहिलं. एका साधूचा डाएट थेट डिग्रीच्या कागदावर! 1958 साली सुरू झालेलं मुलींचं सरकारी कॉलेजही हेच नाव लावतं: दूधाधारी बजरंग. गावात त्याला म्हणतात ‘डिग्री गर्ल्स’.

आता क्विझ! 1955 मध्ये रायपूरची राजधानी कोणती? भोपाळ? चूक! आपलं नागपूर! तेव्हा रायपूर ज्यात होतं, त्या जुन्या मध्य प्रदेशाच्या राजभाषा दोन, हिंदी आणि मराठी. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल मात्र रायपूरचे. 1 नोव्हेंबर 1956 ला नकाशा बदलला आणि राजधानी गेली भोपाळला. 2000 साली छत्तीसगड झालं आणि राजधानी रायपुरातच आली. पंचेचाळीस वर्षांत तीन राजधान्या, तेही बाकावरून न उठता!

वयाचं म्हणाल तर हे कॉलेज तसं ज्युनियरच. काशीचं संस्कृत कॉलेज 1791 चं, पुण्यात विश्रामबागवाड्यातली संस्कृत पाठशाळा 1821 ची. पण रायपूरच्या परिसरातली संस्कृत विद्या? ती तर चौदाशे वर्षांची!

पुरावा हवाय? चला सिरपूरला, महानदीच्या काठी. इथलं विटांचं लक्ष्मण मंदिर सातव्या शतकातलं, बांधून घेतलं राणी वासटा हिने, राजा महाशिवगुप्त बालार्जुनाच्या आईने. तिचा संस्कृत शिलालेख मंदिराच्या ढिगाऱ्यात सापडला, आणि त्यातल्या अटी वाचून मी तर चाटच पडले. मंदिराला गावं दान दिली, त्यात ब्राह्मणांनाही वाटे दिले. बापाचा वाटा मुलाला मिळणार, पण कधी? मुलगा वेदांगं शिकलेला हवा, अग्निहोत्र करणारा हवा. जुगारी नको. तोंड स्वच्छ हवं. कुणाची चाकरी करणारा नको. अटीत बसला नाही, की त्याच्या जागी नात्यातलाच दुसरा लायक माणूस! नुसता वारसा पुरेसा नाही, जोडीला मेरिटही हवं! आजच्या कुठल्याही स्कॉलरशिपच्या फॉर्मपेक्षा ही राणी कडक होती, आणि मला ती भलतीच आवडली.

तो शिलालेख रायपूरच्या महंत घासीदास संग्रहालयात गेला. संग्रहालय कधीचं? 1875 चं! आणि घासीदास कोण? राजनांदगावचे राजे. हो, तिथे महंतच राज्य करायचे!

आता रायपूरचं मराठी नातं! गीतारहस्य हिंदीत कुणी नेलं, माहीत आहे का? माधवराव सप्रे यांनी! मराठी घरातला माणूस, कर्मभूमी रायपूर. समर्थांचा दासबोधही त्यांनीच हिंदीत आणला. डबल धमाका!

आणखी एक मराठी नाव, खास टाळ्यांसाठी: महामहोपाध्याय वा. वि. मिराशी. जन्म कोकणातला, अध्यापन नागपूरच्या मॉरिस कॉलेजात, आणि जीव जडला शिलालेख-ताम्रपटांवर. कलचुरी राजघराण्याच्या छत्तीसगडातल्या रतनपूर शाखेसकट कलचुरी-चेदी संवतातल्या कोरीव लेखांचा त्यांचा दोन भागांतला ग्रंथ कधी आला? 1955! म्हणजे कॉलेजच्या जन्मवर्षीच! छत्तीसगडच्या इतिहासाचा अभ्यासक आजही मिराशींना वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही.

पण याच मिराशींनी एका बाबतीत छत्तीसगडला नाराज केलं! मेघदूतातल्या यक्षाचा रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं त्यांनी ठामपणे मांडलं. छत्तीसगडवाले म्हणतात, छे! तो तर सरगुजातला रामगढ, जिथल्या सीताबेंगरा लेण्याला प्राचीन नाट्यगृह मानतात. रामटेकने 1997 मध्ये कालिदासाच्या नावाचं विद्यापीठच मिळवलं. रामगढवाले आषाढाच्या पहिल्या दिवशी महोत्सव भरवतात. सामना अजून सुरूच आहे!