मधुमेही भाविक, औषधे आणि उपवास

उपवासकाळ जवळ आला की मधुमेह असलेले भाविक आम्हाला एक प्रश्न हमखास विचारतात : "फादर, उपवासाच्या दिवशी गोळी घ्यावी की सोडावी?" प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याचे चुकीचे उत्तर जिवावर बेतू शकते. म्हणून रक्तातील साखर शरीर कशी सांभाळते आणि औषधे त्यात नेमके काय करतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

नांदेडजवळ विष्णुपुरी येथील गोदावरीवरचा प्रकल्प आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पावसाळ्यात पाणी अडवून साठवले जाते. पुढे तेच शहराला व शेतीला पुरवले जाते. आपल्या शरीरातही साखरेची अशीच साठवण व पुरवठा चालतो. यकृत हे तिचे कोठार, आणि त्यावर देखरेख असते स्वादुपिंडाची.

स्वादुपिंड ही जठराच्या मागे असलेली ग्रंथी होय. तिच्यात पेशींची लहान लहान बेटे विखुरलेली असतात. पाउल लँगरहॅन्स या जर्मन संशोधकाने १८६९ साली त्यांचे प्रथम वर्णन केले. या बेटांतील बीटा पेशी इन्सुलिन, तर अल्फा पेशी ग्लुकागॉन हे संप्रेरक तयार करतात. जेवणानंतर साखर वाढली की इन्सुलिन ती स्नायूंमध्ये पोहोचवते व उरलेली यकृतात साठवायला लावते. पोट रिकामे असताना इन्सुलिन कमी होते आणि ग्लुकागॉन यकृताला साठा मोकळा करण्याचा आदेश देते. निरोगी मनुष्य दिवसभर उपाशी राहू शकतो तो या जोडीच्या बळावर.

मधुमेहात हा समतोल ढळतो. पहिल्या प्रकारात बीटा पेशी नष्ट होतात व इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही. दुसऱ्या प्रकारात शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि हळूहळू त्याचे उत्पादनही घटते. शिवाय ग्लुकागॉनवरील लगाम सैल होतो आणि यकृत गरज नसतानाही साखर सोडत राहते. "रात्रभर काही खाल्ले नाही, तरी सकाळी साखर जास्त कशी?" या कोड्याचे उत्तर हेच आहे. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असणे योग्य. ती १२६ किंवा अधिक आढळली व फेरतपासणीतही तशीच राहिली, तर तो मधुमेह समजतात.

आता औषधांकडे वळू. मेटफॉर्मिन मुख्यतः यकृतातून सुटणाऱ्या साखरेला आवर घालते. एकट्याने ते साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरवत नाही. सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिन यांसारख्या गोळ्या साखर वाढलेली असतानाच इन्सुलिनला चालना देतात. डॅपाग्लिफ्लोझिन मूत्रावाटे साखर बाहेर टाकते. मात्र उपाशी व तहानलेल्या शरीरात तिच्यामुळे पाणी कमी होण्याचा, क्वचित रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या बीटा पेशींना इन्सुलिन सोडण्यास भाग पाडतात, मग आपण जेवलेलो असू वा नसू. आपण उपवास धरला आहे, हे गोळीला कळत नाही! टोचून घेतलेल्या इन्सुलिनचेही तसेच. अनेकदा मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड एकाच गोळीत असतात. म्हणून पाकिटावरील नावे वाचावीत किंवा औषध दुकानदाराकडून समजून घ्यावीत.

साखर ७० च्या खाली गेली की घाम, थरथर, धडधड व गोंधळ जाणवतो. अशा वेळी उपवास तत्काळ सोडावा, तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. रुग्ण बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही न घालता त्याला रुग्णालयात न्यावे. याउलट, पहिल्या प्रकारच्या रुग्णाने इन्सुलिन पूर्णपणे बंद करणे प्राणघातक आहे. १९२२ साली टोरांटो येथे इन्सुलिनचा उपचार सुरू होण्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत.

ख्रिस्तसभेची शिकवण येथे स्पष्ट आहे. उपवासाचा नियम वयाची १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपासून ५९ वर्षे पूर्ण होईपर्यंत लागू असतो, आणि आजाऱ्यांवर तो बंधनकारक नाही. कम्युनियनपूर्वीचा एक तासाचा उपवासही पाण्याने वा औषधाने मोडत नाही. वृद्ध व आजारी व्यक्तींनी त्या तासात काही खाल्ले असले तरी त्यांना कम्युनियन घेता येते.

तेव्हा राखेच्या बुधवारापूर्वीच आपल्या डॉक्टरांना भेटावे. गोळी, मात्रा व वेळ त्यांनी ठरवावी. स्वतःच्या मनाने गोळी सोडू नये आणि गोळी घेऊन उपाशीही राहू नये. ज्यांना उपवास झेपत नाही, त्यांच्यासाठी प्रार्थना, दानधर्म व रुग्णसेवा यांचा मार्ग खुला आहे. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. त्याची निगा राखणे हीसुद्धा भक्तीच होय.