पूर्णेच्या डोहाकाठी

रानातल्या घरी मुक्काम करावा, पहाटे पायवाटांनी भटकावे आणि दुपारी ओढ्यात गळ टाकून ट्राउट मासा धरावा, अशी विलायती सहलींची वर्णने आपण पुस्तकांत पुष्कळदा वाचतो. ती वाचून सुरतेच्या मुलास साहजिकच वाटते की, हा मासा आपल्या तापीत किंवा डांगातील पूर्णेत का बरे मिळू नये? या साध्या प्रश्नाच्या उत्तरात नदीचे बरेच गुपित दडलेले आहे.

ट्राउट हा थंड पाण्याचा जीव. पाणी २० अंश सेल्सिअसच्या वर तापू लागले की तो कासावीस होतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मासे कल्ल्यांनी घेतात. परंतु पाणी जितके ऊन, तितका प्राणवायू त्यात कमी मावतो. १० अंशांच्या एक लिटर पाण्यात सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू राहू शकतो; ३० अंशांवर तो साडेसात मिलिग्रॅमच राहतो. शिवाय उष्णतेबरोबर माशाची प्राणवायूची गरज वाढते, ती वेगळीच. म्हणूनच इंग्रजी अमदानीत हा परदेशी मासा आपल्या देशात आणला गेला, तेव्हा त्यास काश्मीर, निलगिरी अशा थंड डोंगरी प्रवाहांतच थारा मिळाला.

आपल्याकडील मरळ माशाची तऱ्हा निराळी. कल्ल्यांच्या जोडीला हवेतून श्वास घेण्याची सोय निसर्गाने त्यास दिली आहे. डोहातले पाणी कोमट झाले, तरी तो मधूनमधून वर येऊन हवा घेतो आणि तग धरतो. ज्या देशाची जशी नदी, तसा तिचा मासा!

हे सारे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल, तर सुरतेहून व्यारामार्गे डांगात जावे. तेथे पूर्णेच्या काठी महाल नावाचे गाव आहे. सभोवार पूर्णा अभयारण्याचे साग व बांबूचे रान पसरले असून वनखात्याने तेथे मुक्कामाची सोय केलेली आहे. अभयारण्यात गळ टाकावयाचा नसतो. वाटाड्या बरोबर घ्यावा, अनोळखी डोहात उतरू नये, आणि काठावर स्वस्थ बसून पाहावे.

उथळ पाण्यातला एखादा दगड हळूच उलटावा. त्याच्या खालच्या अंगाला बारीक किड्यांच्या अळ्या चिकटलेल्या दिसतात. काहींनी तर वाळूचे कण जोडून अंगाभोवती घर बांधलेले असते. झाडांची गळलेली पाने कुजतात, त्यांवर या अळ्या पोसतात आणि अळ्यांवर मासे. म्हणजे काठावरच्या झाडाचे पान अखेर माशाच्या मुखी जाते! पाहून झाल्यावर दगड जसा होता तसा ठेवावा, कारण ते कुणाचे तरी छप्पर आहे.

पावसाळ्यात दुथडी वाहणारी ही नदी उन्हाळ्यात क्षीण होते. जागोजागी धार तुटते आणि खोल डोह तेवढे उरतात. नदीतले पुष्कळसे मासे त्यांच्याच आश्रयास येतात. शेतकरी पेरणीसाठी बियाणे राखून ठेवतो, तसे हे नदीचे बियाणे होय. अशा वेळी कोणी डोहात विष कालवले किंवा सुरुंग उडविला, तर हाती लागलेल्या चार माशांपायी पुढील वर्षीची सारी वीण बुडते. काठचे रान तुटले तरी परिणाम तोच. सावली जाऊन पाणी तापते, मुळांनी धरलेली माती सुटून वाहत येते आणि डोह गाळाने भरतात.

पूर्णा डांगातून उतरून नवसारीजवळून समुद्रास मिळते. खालच्या गावांची नदी वरच्या रानावर जगते, हे आम्हां नगरवासीयांच्या सहसा ध्यानी येत नाही. ट्राउट येथे नाही, याची मग खंत वाटत नाही. परक्या माशाची हौस बाळगण्यापेक्षा आपल्या डोहांतला मासा उन्हाळा काढून पावसाळ्यापर्यंत जगावा, एवढी काळजी आपण घेतली, तरी सहलीचे सार्थक झाले असे आम्ही समजू.