कोविशील्डची ‘कबुली’: तीन वर्षं जुनी गोष्ट ब्रेकिंग न्यूज कशी झाली?

(भागाचं शब्दांकन. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

एप्रिल २०२४ चा शेवट आठवतोय? ‘कोविशील्डमुळे रक्ताच्या गाठी, अखेर कंपनीची कबुली.’ फॅमिली ग्रुपवर दिवसभर तेच. मला मावशीचा फोन आला, “अरे, आपण सगळ्यांनी तीच घेतलीय ना? आता काय करायचं?” तिच्या सोसायटीतले दोघं तर डी-डायमरची टेस्ट करून आले होते. त्यात कोणीतरी शोधून काढलं की लसीच्या प्रमाणपत्रावरून पंतप्रधानांचा फोटो गायब झालाय. झालं! फोटो आचारसंहितेमुळे काढला होता, निवडणूक चालू होती. पण तेवढं वाचतो कोण.

आता मूळ गोष्ट. अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीवर ब्रिटनमध्ये दावे चालू आहेत. त्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने कोर्टात लिहून दिलं की ही लस अत्यंत क्वचित टीटीएसला कारणीभूत ठरू शकते. हीच लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने कोविशील्ड नावाने बनवली आणि देशात तिचे सुमारे १७५ कोटी डोस दिले गेले. त्यामुळे लंडनच्या कोर्टातल्या एका वाक्याने आपल्याकडे घरोघरी धडकी भरली.

टीटीएस म्हणजे काय? काही मोजक्या लोकांच्या शरीरात लस घेतल्यावर भलतीच अँटीबॉडी तयार होते. ती प्लेटलेट्समधून बाहेर पडणाऱ्या एका प्रथिनाला चिकटते, त्यामुळे प्लेटलेट्स चेकाळतात आणि गाठी बनवत सुटतात. म्हणून गाठीही होतात आणि प्लेटलेट्सही घटतात. आजार गंभीर आहे, माणसं गेलीयेत, त्याला किरकोळ म्हणायचं नाही. पण हे होतं लस घेतल्यावर साधारण पहिल्या काही आठवड्यांत. २०२१ मध्ये लस घेतलेल्या माणसाने २०२४ मध्ये डी-डायमर करून काय कळणार? तो आकडा वयाने वाढतो, साध्या इन्फेक्शननेही वाढतो. रिपोर्ट जरा वर आला की रात्रीची झोप उडाली, एवढंच.

आणि यात नवीन काय होतं? युरोपच्या औषध नियामक संस्थेने ७ एप्रिल २०२१ लाच हा दुष्परिणाम जाहीर केला होता. त्याच दिवशी ब्रिटनने तिशीच्या आतल्यांना दुसरी लस द्यायचं ठरवलं, महिन्याभरात ती मर्यादा चाळिशीपर्यंत नेली. डेन्मार्कने तर ही लस बंदच केली. आपल्या आरोग्य मंत्रालयानेही १७ मे २०२१ ला पत्रक काढलं होतं: लसीनंतर वीस दिवसांत धाप लागली, छातीत दुखलं, हातपाय सुजले तर लगेच दाखवा. तुम्ही वाचलं होतं? मी नव्हतं वाचलं. त्या मे महिन्यात आपण बेड शोधत होतो, रेमडेसिविर शोधत होतो.

त्याच पत्रकात एक आकडा होता, त्यावर जरा थांबू. भारतात कोविशील्डच्या दहा लाख डोसांमागे गाठींच्या ०.६१ घटना. म्हणजे साधारण सोळा लाख डोसांमागे एक. शेजारीच ब्रिटनचा आकडा दिला होता ४ आणि जर्मनीचा १०. वाचून वाटतं, वा, आपण सुरक्षित! मला मात्र हा आकडा पचत नाही. दक्षिण आशियाई लोकांत गाठींचं प्रमाण मुळात कमी असतं, हे पत्रकातही होतं आणि त्यात तथ्य आहे. पण आपल्याकडे मोजतं कोण? तरुण मुलगी डोकेदुखीने गेली, तर तालुक्याच्या गावी लसीची तारीख विचारून, प्लेटलेट्स तपासून, वर कळवणारं कोणी होतं का? ब्रिटनमध्येही शोध वाढला तसा आकडा पुढे दहाच्या वर गेला. शिवाय आपल्या यादीत ‘गाठींच्या संभाव्य घटना’ होत्या, नेमका टीटीएस नव्हे. वेगवेगळ्या तराजूंवरची वजनं शेजारी ठेवून तुलना होत नाही. तरीही एक सांगतो, ब्रिटनचा मोठा आकडा धरला तरी २०२१ मध्ये साठीच्या माणसाला कोविडचा धोका त्याहून कितीतरी जास्त होता. विशीतल्यांसाठी हिशेब वेगळा पडतो, म्हणून तर तिथे वयाची अट घातली. आपल्याकडे घातली नाही. का, हा प्रश्न विचारायला हवा होता. पण टीव्हीवर चर्चा चालली ती फोटोची.

दुसरा प्रश्न पैशांचा. ब्रिटनमध्ये लसीने मृत्यू किंवा गंभीर अपंगत्व आल्याचं मान्य झालं तर सरकारी योजनेतून १ लाख २० हजार पौंड मिळतात. रक्कम तोकडी आहे अशी तिथे ओरड आहे, म्हणूनच लोक कोर्टात गेले. आपल्याकडे लसीनंतर मुली गमावलेले दोन तरुणींचे आईवडील सुप्रीम कोर्टात गेले. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्र दिलं: भरपाईची जबाबदारी सरकारची नाही, लस ऐच्छिक होती, हवं तर दिवाणी कोर्टात जा.

ऐच्छिक! १५ ऑगस्ट २०२१ ला मुंबईची लोकल पुन्हा उघडली, ती फक्त दोन डोस घेतलेल्यांसाठी. अंबरनाथहून फोर्टात कामाला जाणाऱ्या माणसाने ते ऐच्छिक कसं समजायचं, हे त्या प्रतिज्ञापत्रात लिहिलेलं नाही.