आधी पान्हा, मग पाकीट

दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी घरी येते आणि हारातला झेंडू सुकायच्या आत ॲक्सेसरीच्या दुकानासमोर उभी राहते. जेलचं सीट कव्हर, जाड ग्रिप, लेगगार्ड, मोबाईल होल्डर असं सगळं बसतं, आणि महिनाभराने कंबर दुखायची ती दुखतेच. छत्रपती संभाजीनगरात तर ही गोष्ट जास्तच गमतीची वाटते. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून दुचाकी बनवतोय, आणि शॉकअप बनवणाऱ्या एंड्युरन्सचं मुख्यालयही वाळूजलाच. तरी आपल्याच गाडीच्या शॉकअपला कधी पान्हा लावलेला मालक इथे शोधावा लागतो.

गाडी बनते ती सरासरी माणसासाठी. आपण त्याच्यापेक्षा बुटके, उंच, हलके नाहीतर जाड असतो. ती आपल्या अंगाला बसवायचं निम्मं काम फुकटात होतं, म्हणून आधी तेच करावं.

हवा

पंपावरचा पोरगा विचारतो, "किती मारू?" आपण म्हणतो, "मार तीस-तीस." इथूनच दचके सुरू होतात. किती हवा हवी ते चेनकव्हरवर किंवा चिमट्यावर चिकटवलेल्या स्टिकरवर छापलेलं असतं. एकट्यासाठी वेगळा आकडा, डबलसीटसाठी वेगळा. १०० सीसीच्या अनेक गाड्यांना पुढे २५ पीएसआयच्या आसपास पुरतं. तिथे ३० भरली की जालना रोडवरचा प्रत्येक सांधा मनगटात जाणवतो. हवा सकाळी, टायर गार असताना मोजावी. वाळूजहून परतल्यावर तापलेल्या टायरचा आकडा चढाच दिसतो.

शॉकअप

मागच्या दोन शॉकअपच्या स्प्रिंगखाली किंवा वर पायऱ्या-पायऱ्यांची कडी असते, बहुधा पाच खाचांची. टूलकिटमधला वाकड्या तोंडाचा पान्हा तिच्यासाठीच दिलेला असतो. पुष्कळांच्या टूलकिटमध्ये तो कोराच राहतो. कडी फिरवली की ओझ्याने गाडीची मागची बाजू किती दबेल ते बदलतं. हलका माणूस वरच्या खाचेवर बसला तर शॉकअप दबायलाच तयार नसतो आणि गाडी उडवते; भारी जोडी खालच्या खाचेवर बसली तर गतिरोधकावर खाडकन तळाला लागते. एकट्याने पहिल्या खाचेपासून सुरुवात करावी, तळाला लागली तर एक खाच वर चढवावी. दोन्ही बाजू एकाच खाचेवर हव्यात, हे विसरू नये. मागे एकच शॉकअप असेल तर हे काम मिस्त्रीकडे दिलेलं बरं.

आणखी एक, यात पान्ह्याचाही संबंध नाही. ब्रेक गतिरोधकाच्या आधी मारावा आणि पुढचं चाक चढताना सोडावा. ब्रेक दाबलेला असताना पुढचा शॉकअप आधीच बसलेला असतो, मग धक्का झेलायला त्याच्याकडे जागा उरत नाही.

हँडल, क्लच, गिअर

माझ्या गाडीवर नगर नाक्यापर्यंत पोचलो की डाव्या हाताला मुंग्या यायच्या. दोष क्लचच्या दांड्याचा होता. तो आडवा होता आणि मनगट सतत वर वाकत होतं. क्लॅम्पचा बोल्ट सैल करून दांडा थोडा खाली झुकवला, दोन मिनिटांचं काम. बघायची रीत सोपी आहे: डोळे मिटून हँडल धरायचं, बोटं सरळ सोडायची. ती मनगट न वाकता दांड्यावर पडली पाहिजेत. नळीचं हँडल असेल तर तेही थोडं मागे-पुढे फिरतं. मात्र फिरवल्यावर बोल्ट पक्के आवळून हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघावं. वायर ताणली जात असेल तर गडबड आहे.

कंपनीत जाणाऱ्यांची वेगळीच अडचण असते. सेफ्टी शूजचं जाड टोक गिअरच्या दांडीखाली जातच नाही, मग पूर्ण पाय उचलून गिअर टाकावा लागतो. ही दांडी दातेरी शाफ्टवर बसवलेली असते. मिस्त्री ती काढून एक दात वर बसवून देतो. मागच्या ब्रेकचा पेडल हलवलात तर चाक मोकळं फिरतं का आणि ब्रेकचा दिवा लागतो का, हे बघूनच घरी या.

सीट

इथे घाई नको. नवा फोम आणि नवे शॉकअप थोडे आखडलेलेच असतात. हजारभर किलोमीटर जाऊ द्या. मी नाही जाऊ दिले. आठवड्यातच काळं जेल कव्हर घेतलं. ते वळणावर सरकायचं, आणि मे महिन्यात दुपारी दोनला त्याच्यावर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. शेवटी सुती टॉवेल कामाला आला.

मऊ सीट म्हणजे आरामाची सीट, हा समज सोडावा. फार मऊ फोम दहा किलोमीटरांत दबतो आणि माकडहाड पत्र्याला भिडतं. सीट बनवून घ्यायचीच असेल तर कारागिराला आपल्याला गाडीवर बसवूनच खडूने खुणा करायला लावा. तो फोम अंगठ्याने दाबून दाखवेल. अंगठा सहज तळाला टेकला तर तो फोम नको. मूळ कव्हर जपून ठेवा.

हात लावू नये असं

सायलेन्सर बदलणं, दिव्यासाठी वायरिंग तोडणं यात आराम काहीच नाही. उलट वॉरंटी आणि कायदा दोन्ही अंगावर येतात. साडीगार्ड मात्र "दिसायला बरं नाही" म्हणून सर्रास काढतात. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारं आवरण, मागच्याला धरायला मूठ आणि पाय ठेवायला जागा, हे तिन्ही केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ मध्ये लिहिलेलं आहे.

मागे बसणारं माणूस

आमच्याकडे रविवारी पैठण असतं, पन्नासेक किलोमीटर. पहिल्या खेपेला बायको बिडकीनलाच उतरली आणि म्हणाली, "परत जाताना मी एसटीने येते." तेव्हा शॉकअप पहिल्या खाचेवर होता, हवाही एकट्याचीच. आता शनिवारी रात्री तिसरी खाच आणि सोमवारी सकाळी पुन्हा पहिली. तो वाकडा पान्हा टूलकिटमध्ये ठेवत नाही; दाराशेजारी, किल्ल्यांच्या खिळ्यालाच टांगलाय.