एमबीए : पदवी की पदविका?

अमरावती/अकोला : वऱ्हाडात मुलगा एमबीए 'करतो' कमी आणि 'होतो' अधिक. 'पोरगा एमबीए झाला' एवढे सांगितले की लग्नाच्या बैठकीत शिक्षणाविषयीचे प्रश्न थांबतात. नोकरीच्या अर्जात मात्र ते तिथूनच सुरू होतात. कोणते विद्यापीठ, कोणते वर्ष, पदवी की पदविका, या प्रश्नांची उत्तरे प्रमाणपत्रावरील शब्दांशी तंतोतंत जुळावी लागतात. तफावत आढळली तर कागदपत्रांच्या पडताळणीत गुणवान उमेदवारही अडचणीत येऊ शकतो.

पदवीचे पूर्ण नाव 'मास्टर ऑफ बिझनेस अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' असे आहे. परिचयपत्रांत सर्रास आढळणारे 'मास्टर्स इन बिझनेस' हे तिचे नाव नव्हे. वित्त, विपणन यांसारखा विशेष विषय पदवीच्या नावापुढे कंसात लिहावा. मुंबई विद्यापीठात व्यवस्थापनाची अशीच पदवी 'एमएमएस' म्हणून ओळखली जाते. तिथून उत्तीर्ण झालेल्याने तेच लिहावे. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची स्थापना १९८३ची. नामविस्तारापूर्वीच्या प्रमाणपत्रांवर 'अमरावती विद्यापीठ' असा उल्लेख आहे, तो तसाच द्यावा. अंतिम निकाल हाती येईपर्यंत 'एमबीए (अंतिम वर्ष)' यापुढे जाऊ नये.

खरा घोटाळा पदवी आणि पदविका यांत होतो. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६च्या कलम २२नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. स्वायत्त खासगी संस्था देतात ती 'पीजीडीएम', म्हणजे पदव्युत्तर पदविका. तीत कमीपणा मुळीच नाही. अहमदाबादच्या आयआयएमचा दोन वर्षांचा प्रसिद्ध अभ्यासक्रमही कित्येक दशके पदविकाच होता. या संस्थांना पदवी देण्याचा अधिकार २०१७च्या कायद्याने मिळाला आणि तो कायदा ३१ जानेवारी २०१८ रोजी अमलात आला. त्यामुळे २०१० साली तिथून बाहेर पडलेला विद्यार्थी 'पीजीडीएम' असेच लिहितो. भारतीय विश्वविद्यालय संघाने काही संस्थांच्या पदविकांना एमबीएशी समकक्षता दिली आहे. पण समकक्ष असणे म्हणजे तीच पदवी असणे नव्हे. पदविका असेल तर पदविका लिहावी आणि समकक्षतेचा दाखला सोबत जोडावा. 'एमबीए' नावाने जाहिरात करून शेवटी केवळ प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेत पैसे भरण्याआधी ती कोणत्या विद्यापीठाशी संलग्न आहे, हे लेखी विचारणे शहाणपणाचे.

प्रवेशाच्या पात्रतेतही शब्दांची अशीच गल्लत होते. राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेसाठी कोणत्याही शाखेची किमान तीन वर्षांची पदवी आणि त्यात ५० टक्के गुण लागतात. महाराष्ट्रातील मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक आणि दिव्यांग उमेदवारांना ही अट ४५ टक्क्यांची आहे. आयआयएमच्या 'कॅट'मध्ये मात्र ४५ टक्क्यांची सवलत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि दिव्यांगांपुरतीच आहे. म्हणजे पदवीला ४७ टक्के मिळवलेला अकोल्याचा इतर मागासवर्गीय विद्यार्थी राज्याच्या परीक्षेला पात्र ठरतो, 'कॅट'ला नाही. तंत्रनिकेतनाची तीन वर्षांची पदविका या दोन्हींसाठी पुरेशी नाही. वर्षे तितकीच असली तरी ती पदवी नव्हे.

अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे चार वर्षांचे कृषी पदवीधरही पात्र असतात, याची अनेक पालकांना कल्पना नसते. तिथे गुण दहापैकी श्रेणीगुणांत मिळतात. त्यांचे टक्क्यांत रूपांतर स्वतःच्या अंदाजाने करू नये. विद्यापीठाच्या सूत्रानुसार केलेल्या रूपांतराचा दाखला आधीच मिळवावा.

राज्याच्या सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात. त्यांपैकी ७५ तार्किक क्षमतेचे, २५ अमूर्त आकृत्यांचे, ५० गणिती क्षमतेचे आणि ५० इंग्रजी भाषा व आकलनाचे. चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नाही. 'कॅट'मध्ये बहुपर्यायी प्रश्न चुकला की एक गुण जातो. तिथे ही सवय अंगलट येते.

निकाल लागला की पुन्हा भाषेची गफलत. ९२ पर्सेंटाइल मिळालेला विद्यार्थी '९२ टक्के मिळाले' असे सांगतो. ९२ टक्के म्हणजे २००पैकी १८४ गुण. ९२ पर्सेंटाइलचा अर्थ, परीक्षा दिलेल्या १००पैकी सुमारे ९२ जणांचे गुण त्याच्याइतके किंवा त्याहून कमी आहेत. त्याचे प्रत्यक्ष गुण १८४पेक्षा बरेच कमी असू शकतात. अर्जात 'पर्सेंटाइल' हाच शब्द लिहावा.

राखीव जागेसाठी जातवैधता प्रमाणपत्र आणि, ज्या प्रवर्गांना लागू आहे त्यांच्यासाठी, वैध नॉन-क्रिमिलेअर प्रमाणपत्र लागते. पडताळणी समितीकडे अर्ज करून प्रमाणपत्र हाती येण्यास वेळ लागतो. निकालाची वाट पाहत बसण्यापेक्षा पदवीच्या अंतिम वर्षातच हा अर्ज केलेला बरा.