भूमितीय विभाजन (अभियांत्रिकी सिम्युलेशन)

भूमितीय विभाजन ही अभियांत्रिकी सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमधील पूर्वतयारीची एक प्रक्रिया आहे. यंत्राचा भाग, पूल, धरण अशा वस्तूंची संगणकावर तयार केलेली आकृती गणनेपूर्वी काल्पनिक रेषा व प्रतले यांच्या साहाय्याने लहान-मोठ्या प्रदेशांत वाटली जाते. प्रत्येक प्रदेशाला स्वतंत्र पदार्थगुणधर्म, भार व सीमा-अटी देता येतात, तसेच तेथील जाळीचा आकार आणि बारकावा ठरवता येतो. गणनेतून मिळणाऱ्या उत्तराची विश्वसनीयता बऱ्याच अंशी या टप्प्यावर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

अशा सॉफ्टवेअरपैकी अनेकांचा पाया सांत घटक पद्धती हा आहे. रिचर्ड कूरांट यांनी १९४३ मध्ये पिळाच्या प्रश्नासाठी त्रिकोणी तुकड्यांचा उपयोग सुचविला. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांनी १९५६ मध्ये विमानाच्या सांगाड्याच्या संदर्भात ही कल्पना विकसित केली. पद्धतीचे प्रचलित नाव क्लफ यांनी १९६० मध्ये वापरले.

या पद्धतीत वस्तू अनेक छोट्या घटकांची बनलेली मानतात आणि प्रत्येक घटकातील विस्थापन साध्या बहुपदीने दर्शवितात. सर्वांत साध्या त्रिकोणी घटकात प्रतिबल सर्वत्र सारखेच धरले जाते. त्यामुळे प्रतिबल जेथे वेगाने बदलते, तेथे घटक लहान आणि पुष्कळ असावे लागतात.

प्रदेश आणि घटक

प्रदेश आणि घटक या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. शेतात आधी बांध घालून तुकडे पाडावेत आणि मग प्रत्येक तुकड्यात वाफे आखावेत, तसा हा क्रम असतो. प्रदेश अभियंता ठरवितो. घटकांची जाळी सॉफ्टवेअर विणते.

विभाजनामुळे वस्तू तुटत नाही. शेजारच्या दोन प्रदेशांच्या सामाईक पृष्ठावरील बिंदू दोघांचेही असतात, म्हणून विस्थापन अखंड राहते व बल एका प्रदेशातून दुसऱ्यात पोहोचते. याउलट दोन वस्तू स्वतंत्रपणे काढून शेजारी ठेवल्यास, त्यांतील जोड किंवा स्पर्श वेगळा सांगावा लागतो.

उदाहरण : भोक असलेला पत्रा

मध्यभागी गोल भोक असलेला चौरस पत्रा दोन्ही बाजूंनी ओढला जात आहे असे मानू. सममितीमुळे त्याचा चौथा भाग घेणे पुरेसे असते. या भागाला चार सरळ कडा आणि एक कंस अशा पाच बाजू असतात. भोकाच्या कडेपासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी रेषा आखली की प्रत्येकी चार बाजूंचे दोन प्रदेश तयार होतात व त्यांत चौकोनी घटकांची सुबक जाळी बसते. मग भोकाजवळ घटक दाट आणि दूर विरळ ठेवता येतात. किर्श यांच्या १८९८ मधील सूत्रानुसार फार रुंद पत्र्यात भोकाच्या कडेवर प्रतिबल मूळच्या तिप्पट होते. जाळी विरळ असल्यास हा आकडा कमी भरतो.

सॉफ्टवेअरमधील रूप

ॲबॅकस या सॉफ्टवेअरमध्ये प्रदेशाच्या रंगावरून जाळीची पद्धत कळते. हिरव्या प्रदेशात नियमित जाळी बसते, पिवळ्यात एका पृष्ठावरील जाळी दुसऱ्या पृष्ठापर्यंत ओढत नेता येते आणि गुलाबी प्रदेशात मुक्त जाळी विणली जाते. नारिंगी प्रदेशात निवडलेल्या घटक-आकाराची जाळी बसत नाही; तो आणखी विभागावा लागतो किंवा घटकाचा आकार बदलावा लागतो.

चुकीच्या जाळीचा परिणाम

नॉर्वेतील स्टाव्हांगरजवळच्या गान्सफ्योर्डमध्ये २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्लाइप्नर ए या सागरी तेल-वायू मंचाचा काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात खाली उतरवला जात असताना भिंत फुटून बुडाला. चौकशीत असे आढळले की कोठ्यांमधील त्रिकोणी पोकळ्यांच्या भिंतींजवळ जाळी विरळ व वेडीवाकडी होती. त्यामुळे कर्तन प्रतिबल सुमारे ४७ टक्के कमी मोजले गेले आणि तेथील सळ्यांची योजना अपुरी राहिली. नंतर काळजीपूर्वक केलेल्या विश्लेषणात ही भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असे उत्तर आले. प्रत्यक्षात ती सुमारे ६५ मीटरवर फुटली. म्हणजे पद्धत योग्य होती. दोष नाजूक जागी केलेल्या आखणीत आणि तपासणीत होता.

पडताळणी

महत्त्वाच्या प्रदेशातील जाळी क्रमाने बारीक करून उत्तरांची तुलना करणे ही रूढ कसोटी आहे. उत्तर फारसे बदलेनासे झाले की जाळी पुरेशी मानतात. मात्र आत वळलेल्या टोकदार कोपऱ्यात जाळी बारीक होईल तसे प्रतिबल वाढतच जाते. अशा ठिकाणी कोपऱ्याची प्रत्यक्षातील गोलाई आकृतीत दाखविणे आवश्यक ठरते.