मनाची गाठ चारचौघांत सुटते

यवतमाळ जिल्ह्यातील ढाणकीसारख्या गावात सायंकाळी ओट्यावर गप्पा रंगतात. पाऊस, कापसाचा भाव, मुलामुलींची लग्ने असे सारे विषय निघतात. परंतु ‘मला रात्र रात्र झोप लागत नाही, कर्जाची भीती वाटते’ हे वाक्य सहसा उच्चारले जात नाही. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही शिकवण आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. मूठ झाकल्याने अब्रू राहत असेल. पण कोंडलेले दुःख झोप, भूक आणि नाती पोखरत जाते. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या या जिल्ह्याला हे निराळे सांगावयास नको.

मन उघडण्याची रीत शिकता येते काय? लक्ष्मीबाई टिळकांचे आयुष्य याचे उत्तर देते. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाशच कोसळले. काही वर्षे त्या पतीपासून दूर राहिल्या. पुढे अहमदनगर-राहुरीकडील ख्रिस्ती समाजात वावरताना त्यांचे सोवळे हळूहळू गळाले आणि त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी पतीचा तापट स्वभाव, घरातील भांडणे, स्वतःचा भाबडेपणा, वियोगातील तळमळ यांतले काहीच झाकले नाही. तरीही वाचकाच्या मनात त्या दोघांविषयीची माया वाढतेच.

हा मोकळेपणा मूळ स्वभावातला खराच. पण त्याला भोवतालच्या समाजाचेही बळ मिळाले असावे. नव्या करारातील याकोबाचे पत्र एकमेकांजवळ चुका कबूल करण्यास आणि एकमेकांसाठी प्रार्थना करण्यास सांगते. घरोघरी भरणाऱ्या प्रार्थनासभांत कोणीतरी म्हणते, ‘माझ्यासाठी प्रार्थना करा.’ या साध्या विनंतीत ‘मला एकट्याला हे पेलत नाही’ अशी कबुली असते, आणि ती देताना मान खाली घालावी लागत नाही.

आरोग्यशास्त्रालाही हे अपरिचित नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या १९८६ च्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी सलग ४ दिवस, दररोज १५ मिनिटे, आपले क्लेशदायक अनुभव भावनांसह लिहिले. पुढील काही महिन्यांत त्यांना दवाखान्यात जाण्याची गरज इतरांपेक्षा कमी भासली.

धर्म कोणताही असो, आपल्या घरालाही असे एखादे वाक्य हवे. आठवड्यातून एकदा, जेवणानंतर, प्रत्येकाने ‘या आठवड्यात मला काय जड गेले’ एवढेच सांगावे. प्रारंभ वडीलधाऱ्यांनी करावा. म्हणजे मुलांची भीड चेपते. ऐकणाऱ्याने मध्येच उपदेश करू नये आणि ऐकलेले ओट्यावर नेऊ नये. विश्वासाने सांगितलेली गोष्ट एकदा का गावभर झाली, की ते मन पुन्हा उघडणे फार कठीण. जिथे मारहाण वा धाक असेल, तिथे मात्र सर्वांसमक्ष बोलण्याऐवजी एखादी विश्वासू व्यक्ती निवडावी.

प्रार्थना अथवा आपुलकी हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, वा जीव नकोसा वाटू लागला, तर विलंब न लावता डॉक्टरांना भेटावे. शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.

मूठ उघडली म्हणजे सव्वा लाख जातात असे नाही. उघड्या हातालाच दुसऱ्याचा हात धरता येतो.